फ्रेममधला रुपया

माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान हिंमतराव, यांना नाण्यातलं काही कळत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण सगळ्या मोताळ्याला ते ठाऊक आहे आणि तोंडावर बोलायची कोणाची छाती नाही. ओलिताची भरपूर जमीन, बैठकीत पाहुण्याला रुतून बसायला लावणारा सोफा आणि चार बोटांत चार अंगठ्या असल्या की माणसाच्या अज्ञानालाही लोक खुर्ची देतात.

मी स्वतः नांदुऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर जुन्या नाण्यांचं दुकान चालवते. मूळ दुकान सासऱ्यांचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. मोडीत आलेल्या हंड्यांच्या तळाशी नाणी सापडायची, ती बघता बघता मला नाद लागला. पुढे भांडी गेली आणि नाणी राहिली. आता एक काचेचं टेबल, एक भिंग, एक बारीक वजनकाटा आणि माझा शब्द, एवढाच माझा माल आहे. मी खरं म्हटलेलं नाणं पुण्या-नागपूरचे लोक न बघता घेतात.

रोज कोणीतरी फडक्यात नाणं गुंडाळून येतो. मोबाइलवर कोण्या टिकोजीरावाने सांगितलेलं असतं की देवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं विकून बंगला बांधता येतो. मी सांगते, बाबा, यात चहासुद्धा येत नाही. काही जण जास्त हुशार असतात. ते घरी कानस घेऊन बसतात, नाण्याची कड घासतात आणि मला म्हणतात, ताई, ही टाकसाळीची चूक आहे. मी म्हणते, टाकसाळीत चुका होतात, पण तिथे कोणी मांडीवर नाणं घेऊन कानस मारत नाही.

या हुशारांचे शिरोमणी म्हणजे भाऊजी. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी असले व्हिडिओ पाहिले आणि दिवाळीपर्यंत कार्डं छापली : ‘हिंमतराव, नाणेतज्ज्ञ’. कुठल्याशा नाणे महासंघाचं प्रमाणपत्रही आणलं. एकदा त्यांनी मोताळ्याच्या आठवडी बाजारात उभं राहून जाहीर केलं की दहाची नाणी खोटी आहेत. झालं. भाजीवाल्या बायांनी महिनोन्महिने दहाचं नाणं घेतलं नाही आणि आधी घेतलेली नाणी कुठे खपवायची म्हणून त्या माझ्या दुकानात येऊन रडल्या. भाऊजींना त्याचा पत्ताही नव्हता. ते तोवर सत्कार घेण्यात गुंतले होते.

सत्कार होता फ्रेमसाठी. बैठकीच्या भिंतीवर, थोरामोठ्यांच्या हारवाल्या फोटोंच्या मधोमध, लाल मखमलीवर एक रुपया चिकटवलेला आहे. खामगावच्या लॉजवर उतरलेल्या एका एजंटाने त्यांना तो लाखी म्हणून विकला. लाखी म्हणजे काय ते सांगते. टाकसाळीत ठशाखाली एक कोरी चकती येते, दाब पडतो, नाणं बाहेर पडतं. क्वचित एखादं नाणं ठशाला चिकटून राहतं. मग पुढच्या चकतीवर एका बाजूने ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूने ते चिकटलेलं नाणंच रुततं. त्यामुळे एकीकडे सिंह उठावाचे, दुसरीकडे तेच सिंह खोलगट आणि आरशात दिसावेत तसे उलटे. असं नाणं मिळणं फार दुर्मीळ.

खोटी लाखी करणं मात्र सोपं आहे. दोन रुपये एकमेकांवर ठेवायचे, शिकंज्यात, म्हणजे वर्कशॉपमधल्या लोखंडी पकडीत, धरायचे आणि दांडा आवळायचा. खोलगट सिंह उमटतात. पण त्या जागी आधी असलेलं गव्हाचं कणीस पूर्ण मरत नाही, आणि पाठीमागचे उठावाचे सिंह दाबाने चपटे होतात. ज्याला डोळे आहेत त्याला एवढं पुरे. भाऊजींच्या फ्रेममध्ये काचेतूनही सिंहाच्या मानेतून कणसाचं टोक डोकावत होतं. पाठ बघू द्या म्हटलं तर म्हणायचे, “चिकटवली हाय, निंगत नाई.”

मी ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, अन्नपूर्णाला, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती भाजी निवडत म्हणाली, “राहू दे व. त्याईच्या जिवाले बरं वाटते.” मी राहू दिलं. मेहुणी म्हणून टोमणे मारत राहिले, ते भाऊजींनी हसण्यावारी नेले.

तर अशा घरात काजलचं साक्षगंध होतं.

काजल ही ताईची एकुलती एक मुलगी. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या तिने माझ्या दुकानात काढल्या आहेत, आणि माझ्या पोटी मूल नाही, तेव्हा ती माझी कोण आहे हे वेगळं सांगायला नको. मुलगा शिवम, वरवट बकालचा. तिथे त्याचं वर्कशॉप आहे, एक लेथ आहे, आसपासच्या गावांतल्या पाण्याच्या मोटारी त्याच्याकडे दुरुस्तीला येतात. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, घरच्यांना नंतर कळवलं. भाऊजींना जावई तालेवार हवा होता. मोटारी दुरुस्त करणारा नको होता. पण काजलने दोन वर्षं दुसऱ्या कोणाला होकार दिला नाही, ताईने तिची बाजू धरली आणि भाऊजींनी दात ओठ खात तारीख काढली. त्या दिवशी ते एखादं निमित्त शोधतच बसले होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

आमच्याकडे साक्षगंधात रुपया-नारळ होतो. मुलाची आई मुलीच्या ओटीत नारळ आणि बंदा रुपया घालते, मग मुलीचा बाप मुलाच्या हातावर आपला रुपया ठेवतो. दोन्हीकडचे रुपये झाले की सोयरीक पक्की, आणि तोवर कोणी जेवत नाही.

शिवमची आई शालूबाई वांगी, कांदे पिकवते आणि बाजारात स्वतः विकते. तिने काजलच्या ओटीत नारळ घातला, मग कनवटीची पुडी सोडून हळदी-कुंकवाने माखलेला एक रुपया काढला आणि नारळाशेजारी ठेवला. म्हणाली, “याच्या बापानं देवात ठेवला होता. बाजारात कधीचा आला होता. दोनी बाजूनं सिंहच हाये. लोकं म्हनत, पाण्याच्या पाळीसाठी हा रुपया उडव, तूच जितशीन. त्यानं कधी उडवला नाई.”

दोन्ही बाजूंनी सिंह, एवढं कानावर पडलं आणि भाऊजी उठले. मुलीच्या ओटीत हात घालून त्यांनी रुपया उचलला. सगळ्या बायका बघत राहिल्या. त्यांनी खिशातून भिंग काढलं. साक्षगंधाला भिंग खिशात घेऊन बसणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

बराच वेळ त्यांनी रुपया डोळ्याशी धरला. हळदीचे पोपडे होते, त्यातून त्यांना काय दिसलं असेल देव जाणे. मग ते मोठ्याने बोलले. “हा बनावट हाये. लेथवर एक नाणं कोरते, दुसरं त्यात बसवते. दोनी बाजूनं सिंह असाच करते.” आणि शिवमकडे बघून, “लेथ कोणाचा हाये?”

शिवमचा चेहरा पडला. तो भाऊजींना म्हणाला, “मामाजी, हा रुपया माह्या लेथच्या आधीपासून घरात हाये.”

“तेच तर म्हनतील सगळे. पहिल्याच दिवशी ओटीत खोटं टाकलं. मी भामट्याच्या घरात पोरगी देत नाई.”

शिवमचे मामा महादेवराव लग्न जुळवण्यात पुढे होते, तेही टोपी काढून हातात घेऊन बसले. शालूबाई उभीच होती. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, तिचे हात पदरात गुंडाळले होते. काजल मान वर करून बापाकडे पाहत होती.

खरं सांगते, मला त्या क्षणी भाऊजींची किळस आली. नाण्याबद्दल चूक झाली असती तर मी हसले असते. पण हा माणूस आपल्या अडाणीपणाच्या आड लपून पोरीचं लग्न मोडत होता, आणि वर एका पोराच्या धंद्याला कायमचं गालबोट लावत होता. मोटार दुरुस्तीला टाकताना लोक उद्या दहा वेळा विचार करतील.

ताई आतून हात पुसत आली. “योगिनी बसली हाय न अठी? तिले दाखवा.”

योगिनी म्हणजे मी. भाऊजींना ते नको होतं, पण सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. मी ओट्यावर बसले. हळद काढायला भाऊजींनी चिंच आणि राख मागवली. मी म्हटलं, “भाऊजी, समई घासाची नाई. पानी आना.” लोकांची ही एक खोड आहे, खरं नाणं हातात आलं की लक्ष्मीपूजनाच्या भांड्यांसारखं ते लखलखीत घासायचं, आणि त्याच्या खरेपणाचा पुरावा मोरीत सोडून द्यायचा. मी साध्या पाण्याने हळद भिजवली आणि कापसाने टिपली.

आधी कडेला नखाने फिरून पाहिलं. कोरून बसवलेल्या नाण्याला कडेच्या आत सांधा असतो, कितीही साफ केला तरी नखाला लागतो. इथे काही नव्हतं. ओट्याच्या फरशीवर पाडलं, आवाज खणखणीत आला. मग एक बाजू पाहिली. सिंह उभे होते, आयाळ स्वच्छ होती, कुठे दबल्याची खूण नव्हती. पलटलं. तेच सिंह खोलगट, उलटे, खालची अक्षरंही उलटी, आणि कणसाचा मागमूस नाही. मी भिंगातून दोनदा पाहिलं. लाखी होती. इतकी सुंदर लाखी माझ्या दुकानात आजवर आली नव्हती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊजी म्हणाले, “योगिनी, जरा माजघरात ये.”

माजघरात त्यांनी दार लोटलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं होतं. व्हिडिओतून एवढं तरी शिकले असावेत. ते हळू आवाजात म्हणाले, “खरी हाय न?”

“हाव. खरी हाये.”

“मंग खरी कशी असते थे तू सगळ्याईले सांगशीन. सिंह चपटे नसते, कणीस नसते.” ते थांबले. “आन् मंग लोकं माह्या फ्रेमकडं पायतीन.”

म्हणजे माणसाला माहीत होतं! पूर्ण नाही, पण आतून कुठेतरी माहीत होतं. म्हणून तर पाठ चिकटवली होती.

“तुमाले काय पाह्यजे, भाऊजी?”

“दोनी खऱ्या हायेत म्हन. माही बी आन् त्याईची बी. मी आत्ता शिवमच्या हातावर रुपया ठेवतो. पर एक खरी आन् एक खोटी म्हनू नको.”

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले, भाव ठरायची वाट बघावी तसे. पोरीचं लग्न एका पारड्यात आणि भिंतीवरचा रुपया दुसऱ्या पारड्यात, आणि पारडं समतोल आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मी मारली नाही आणि भांडलेही नाही, कारण बाहेर काजल ओटीत नुसता नारळ घेऊन बसली होती. माझ्या शब्दाला किंमत आहे ती मी खोट्याला कधी खरं म्हटलं नाही म्हणून. आज म्हणायचं, मी ठरवलं. नांदुऱ्याला जाऊन दुकानाला कुलूप लावावं लागलं तरी चालेल, पण पोरगी सुखी होऊ दे. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्या माणसाचा संताप त्याहून जास्त.

मी बाहेर आले. सगळे माझ्याकडे पाहत होते. भाऊजी माझ्या मागून येऊन फ्रेमखाली उभे राहिले, फोटो काढायला उभे राहतात तसेच.

“बोल व, योगिनी,” ताई म्हणाली.

“दोनी...” मी सुरू केलं.

“मावशी, थांब,” काजल म्हणाली. माजघराचं दार जुनं आहे, त्याच्याजवळ बसलं की सगळं ऐकू येतं. त्या घरात वाढलेल्या पोरीला हे माहीत असणारच. “तुले खोटं बोलाची गरज नाई. तू आजवर बोलली नाई.”

ती उठली. नारळ ओटीत धरूनच बापासमोर गेली. “बाबा, फ्रेममधला रुपया शिकंज्यात दाबलेला हाये. मले बारावीपासून मालूम हाये. कणीस दिसते त्यात. मावशीनं नाई सांगितलं, मीच पाह्यलं.”

भाऊजींचं तोंड उघडं राहिलं. “तू बोलली नाई कधी?”

“काऊन बोलू? पाहुने आले का तुमी त्याईले फ्रेमपाशी नेत होते. तुमाले किती आनंद होत होता. मी तुमची लाज राखली, बाबा. घरातल्या सगळ्याईनं राखली.” तिने शिवम आणि शालूबाईकडे बोट केलं. “आन् तुमी आज याईची काढली. बाप मेलेल्या पोराले सगळ्याईसमोर भामटा म्हनलं, आन् खरं हाय हे कळल्यावर बी माजघरात जाऊन सौदा करून राह्यले.”

भाऊजी ताईकडे पाहू लागले, ती काहीतरी म्हणेल या आशेने. ताईने पदर सावरला आणि म्हणाली, “पोरगी बरोबर बोलून राह्यली.” तिने संसारात पहिल्यांदाच त्यांच्या विरोधात चारचौघांत शब्द काढला असावा.

मग मी माझं काम केलं. शालूबाईचा रुपया खरा आहे, टाकसाळीत चुकलेला आहे, कुठलाही लेथ असा करू शकत नाही, हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि रुपया काजलच्या ओटीत परत ठेवला. महादेवरावांनी टोपी डोक्यावर घातली. ते भाऊजींना म्हणाले, “मंग इवाई, आता तुमचा रुपया.”

भाऊजींनी कुडत्याचे खिसे चाचपले. भिंग निघालं, कार्डं निघाली, मोबाइल निघाला. रुपया नव्हता. मोठी माणसं सुटे पैसे बाळगत नाहीत. कोणीतरी आपल्या खिशातून रुपया पुढे केला, पण मुलीच्या बापाचाच लागतो, उसना चालत नाही.

मग भाऊजींनी हात वर करून फ्रेम खिळ्यावरून उतरवली, पाठीमागचा पुठ्ठा फाडला आणि अंगठीच्या कडेने मखमलीवरचा रुपया उचकटला. तो सुटला तेव्हा त्याची पाठ सगळ्यांना दिसली. सिंहांना नाकं नव्हती. त्यांनी तो शिवमच्या हातावर ठेवला. तरीही मला त्यांची दया आली नाही, हे मी लपवणार नाही.

शिवमने रुपया उलटा केला. लेथवर काम करणारा पोरगा, शिकंज्याच्या दाबाची खूण त्याला दिसली नसेल असं होणार नाही. पण तो वाकून भाऊजींच्या पाया पडला आणि रुपया आईच्या हातात दिला. शालूबाईने तो बाजारात गिऱ्हाइकाचं नाणं बघतात तसा एकदा पाहिला आणि कनवटीला बांधला. “चालते,” ती म्हणाली. “रुपयाचा रुपयाच हाये.”

जेवणं उशिरा झाली. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. भाऊजी माझ्या शेजारच्या पाटावर बसले. बराच वेळ त्यांनी बट्टी नुसती कुस्करली. मग हळूच विचारलं, “गावातल्या कोणाकोणाले मालूम होतं, योगिनी?”

“सगळ्याईले, भाऊजी.”

“मंग थे लोकं फ्रेमसमोर हात जोडून उभे राहत होते, शाल घालत होते, थे काय होतं?”

“थे तुमच्या वावराले होतं, ओलिताच्या जमिनीले,” मी म्हणाले.

ताई तूप वाढत त्यांच्यापर्यंत आली होती. तिने आमचं बोलणं ऐकलं. भाऊजींनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. तिने नेहमीसारखं त्यांच्या पानात दोन चमचे तूप जास्त वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.